राजीनाम्याची रीत

'राजीनामा' हा शब्द आज नाराजीचा वाटतो. मुळात तो तसा नाही. फार्सीतून मराठीत आलेल्या या शब्दातील 'राजी' म्हणजे संमत आणि 'नामा' म्हणजे लेख. कोर्टातील दावा तडजोडीने मिटला, की पूर्वी दोन्ही पक्ष राजीनामा दाखल करीत. मुंबई इलाख्याच्या रयतवारीत तर 'राजीनामा-कबुलायत' ही जोडीच होती. जमीन सोडणारा खातेदार मामलेदाराकडे राजीनामा देई, ती घेणारा कबुलायत लिहून देई आणि सोडणे लागू होई ते चालू महसुली वर्षाच्या अखेरीपासून. पूर्वसूचना, सुटण्याची तारीख आणि पुढच्या माणसाने भार घेतल्याची नोंद या तिन्ही गोष्टी त्या दोन कागदांत येत. कार्यालयातील राजीनाम्यालाही याहून वेगळे काही लागत नाही. फक्त कबुलायतीचा अर्धा भाग आपण विसरलो आहोत.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत ही विस्मृती महागात पडते. हे दोन जिल्हे मुळात फारसे परके नाहीत. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. साखर कारखाना, सहकारी बँक, शिक्षणसंस्था, औद्योगिक वसाहतीतील कारखाने आणि त्यापलीकडे पुणे, असे येथील नोकरदाराचे जग. त्यात ज्या साहेबाच्या टेबलावर राजीनामा आपटला, तेच साहेब पुढच्या महिन्यात मावसभावाच्या लग्नात पहिल्या पंगतीला असतात. नव्या ठिकाणी मुलाखत घेणाऱ्याने जुन्या ठिकाणी सहज फोन करून विचारले, तर त्यात कोणालाच वावगे वाटत नाही. महानगरात नोकरी सोडून नाहीसे होता येते. कराड-मिरजेत येत नाही. कदाचित म्हणूनच या भूमीतील माणसांनी पदे कशी सोडली, हे पाहणे उपयोगाचे ठरते.

आधी एकांतात

साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे पेशवाईचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांचे पद सोडणे शाळेच्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी त्यांनी एकदा पद सोडण्याची परवानगी मागितली होती, तो प्रसंग मात्र तितका लक्षात राहिलेला नाही. ग्रँट डफ याने तो नोंदविला आहे. हा डफ साताऱ्यातच ब्रिटिशांचा रेसिडेंट होता आणि त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला.

थोरले माधवराव पेशवे काही काळ जपजाप्यात फार गुंतले होते. रामशास्त्री कामासाठी गेले असता पेशवे ध्यानस्थ बसलेले दिसले. ते मुकाट्याने परतले आणि दुसऱ्या दिवशी काशीला जाण्यासाठी निरोप मागू लागले. माधवरावांनी झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी दाखवली, पण ब्राह्मणाने जप करण्यात गैर काय, असेही विचारले. राजाचा अधिकार घेतला तर प्रजेचे काम आधी, आणि ते जमत नसेल तर गादी सोडून आपल्याबरोबर गंगातीरी चलावे, असा शास्त्रीबोवांच्या उत्तराचा आशय होता. पेशव्यांनी ते मानले. शास्त्रीबोवा काशीला गेले नाहीत.

या प्रसंगात रीत पुष्कळ आहे. तक्रार तिसऱ्याकडे गेली नाही. ज्याच्याशी मतभेद, त्याच्याच समोर झाली. ती एका मुद्द्यापुरती होती आणि तो सुटताच जाण्याची भाषाही संपली. पगारवाढीसाठी खिशात राजीनामा घेऊन फिरणे ही याची नक्कल दिसते, पण तशी ती नाही. रामशास्त्री खरोखरच जाण्यास सिद्ध होते. दबावासाठी दाखविलेला राजीनामा एकदाच चालतो. दुसऱ्यांदा दाखविला, तर तो मंजूर होऊन हातात पडण्याची शक्यता अधिक.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रघुनाथराव गादीवर आले. रामशास्त्र्यांनी चौकशी केली, नव्या पेशव्यालाच दोषी ठरविले आणि या पापाला देहान्त हेच प्रायश्चित्त असल्याचे त्याच्या तोंडावर सांगितले. जोवर कारभार रघुनाथरावांच्या हाती आहे, तोवर आपण चाकरी करणार नाही आणि पुण्यात पाऊलही ठेवणार नाही, एवढे सांगून ते वाईजवळच्या पांडववाडीस जाऊन राहिले.

'जोवर' हा शब्द येथे महत्त्वाचा. पद सोडण्याचे कारण एक, ते स्पष्ट, आणि ते कारण दूर होण्याची शक्यताही त्यातच मांडलेली. दरबारातील इतर कोणाबद्दल अवाक्षर नाही. म्हणूनच पुढे बारभाईंच्या हाती सूत्रे आली तेव्हा त्यांना सन्मानाने परत बोलावता आले, आणि त्यांनाही ते स्वीकारता आले. १७८९ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत न्यायाधीश म्हणून त्यांचा लौकिक अबाधित होता.

मतभेद आणि हजेरीपट

गोपाळ गणेश आगरकरांचे टेंभू हे कराडजवळचे गाव आजच्या वाचकाला उपसा सिंचन योजनेमुळे अधिक परिचित आहे. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' सुरू झाला, त्याचे पहिले संपादक आगरकर. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात त्यांनी आणि टिळकांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. मैत्री एवढी जुनी, तरीही सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, या प्रश्नावर दोघांचे जमेना. 'केसरी' एकट्याचा नव्हता, तो मंडळींचा होता, आणि मंडळींचे बहुमत आगरकरांच्या बाजूने नव्हते. १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडले.

ते 'केसरी'तून बाहेर पडले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून नव्हे. ज्यांच्याशी मतभेद, त्यांच्याच शेजारच्या वर्गात ते शिकवीत राहिले. 'सुधारक' निघाला तो ऑक्टोबर १८८८ मध्ये, म्हणजे सुमारे वर्षभराने. त्यानंतरची दोन्ही पत्रांतील शब्दयुद्धे सौम्य नव्हती. त्यांना आदर्श मानण्याचे कारण नाही. पण एक काम सोडताना दुसरे काम वाऱ्यावर सोडायचे नाही, हा विवेक त्यांनी ठेवला. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारले. 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी.

स्वतः टिळकांनी १८९० मध्ये सोसायटीचा राजीनामा दिला. आजीव सदस्यांनी बाहेरची कामे करून मिळकत वाढवावी की नाही, हा वादाचा गाभा. कारणांची मांडणी करणारे त्यांचे निवेदन दीर्घ आहे आणि संस्थेच्या इतिहासाच्या अभ्यासकाला ते आजही मोलाचे वाटते. अशा दीर्घ पत्रांचा लाभ बहुधा इतिहासकारालाच होतो. टिळकांचा वाद सार्वजनिक संस्थेच्या तत्त्वाचा होता, म्हणून त्यांनी तसे लिहिणे समजण्यासारखे आहे. कुपवाडच्या एखाद्या कारखान्यातील हिशेबनिसाने चार पानी कैफियत लिहिली, तर ती त्याच्या सेवापत्रकात कायमची राहते आणि वाचणारा प्रत्येक जण फक्त तिचा सूर लक्षात ठेवतो. पत्रात पदनाम, सोडण्याचा निर्णय, शेवटचा दिवस आणि नेमणूकपत्रातील मुदतीचा उल्लेख पुरे. आभार मनापासून असतील तर एक ओळ. गैरव्यवहार दिसला असेल, तर त्याची तक्रार स्वतंत्र पत्राने, पुराव्यासह आणि योग्य अधिकाऱ्याकडे करावी. राजीनाम्यात मिसळली, की ती चीड समजून बाजूला ठेवली जाते.

एक नोकरी सोडून त्याच धंद्यात प्रतिस्पर्धी म्हणून उतरण्याचा आगरकरांचा प्रश्न आजच्या तरुणालाही पडतो. भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम २७ नुसार व्यवसाय करण्यास अटकाव करणारा करार सामान्यतः निरर्थक ठरतो. क्रिकेटपटू झहीर खान यांच्या करारासंबंधीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हेच सांगितले: करार संपल्यानंतरच्या काळासाठी घातलेले असे बंधन चालत नाही. नोकरी चालू असतानाची बंधने वेगळी. किमान सेवेच्या बाँडचेही वेगळे. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरविली. तेव्हा बाँडवर सही करतानाच आकडा वाचलेला बरा. आणि ग्राहकांच्या याद्या, रेखाचित्रे, दरपत्रके पेनड्राइव्हवर घेऊन जाणे हा 'स्पर्धेचा हक्क' कोणत्याच काळी नव्हता.

घर, शिल्लक आणि नांगर

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवीत असत. बढतीत डावलले गेले म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली. संतापाच्या या कथेत एक व्यवहारी तपशील आहे. बेळगावला त्यांचे बंधू रामूअण्णा सायकलींचा व्यवसाय पाहत होते आणि लक्ष्मणरावांनी नोकरीत असतानाच त्यात हात घातला होता. म्हणजे अपमान झाला तेव्हा पायाखाली फळी होती. तरीही पुढे लोखंडी नांगर बनविला, तेव्हा तो खपायला दोन वर्षे लागल्याचे सांगतात. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन दिली आणि १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, वाडी सांगली जिल्ह्यात.

तेच नांगर विकत गावोगाव फिरलेले भाऊराव पाटील. जन्म कुंभोजचा, घराणे सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. ओगले, किर्लोस्कर आणि साताऱ्याचे कूपर या तिन्ही उद्योगांत त्यांनी काम केले. त्या फिरतीत खेड्यांतील मुलांची शिक्षणावाचून होणारी स्थिती त्यांनी पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघाले, आणि पगाराची वाट हळूहळू मागे पडली. त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली; वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी त्यांचे दागिने गेले, मंगळसूत्रही गेले. कर्मवीरांच्या चरित्रात हा प्रसंग गौरवाने येतो आणि तो तसाच यायला हवा. पण ज्याच्यापुढे रयतेसारखे कार्य नाही, केवळ साहेबाशी भांडण आहे, त्याने राजीनामा टाइप करण्याआधी घरात बसून हप्ता, शाळेची फी आणि आईवडिलांच्या औषधांचा हिशेब करावा. सहा महिन्यांचा खर्च हाती असलेला माणूस पत्रही शांतपणे लिहितो.

कायद्याचा कागद

खासगी शाळांतील शिक्षकांसाठी महाराष्ट्रात राजीनाम्याची पद्धतच कायद्याने घालून दिली आहे, हे अनेक शिक्षकांनाही ठाऊक नसते. १९७७ च्या सेवाशर्ती कायद्यातील कलम ७ सांगते, की राजीनामा दोन प्रतींत लिहावा, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत व्यवस्थापनाला नोंदणीकृत डाकेने पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी. १९८१ च्या नियमांनुसार कायम शिक्षकाला तीन महिन्यांची आणि इतरांना एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते. हा खटाटोप उगाच नाही. नेमणुकीच्या वेळीच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवायची आणि नको झालेला शिक्षक 'स्वेच्छेने' गेला असे दाखवायचे, हा प्रकार या तरतुदीने अवघड केला. पोस्टाचा शिक्का तारीख सांगतो. जेथे असा कायदा नाही, तेथेही राजीनाम्याची पोहोच सही-शिक्क्यानिशी घेणे, किंवा तो कार्यालयीन ईमेलने पाठवून त्याची प्रत वैयक्तिक पत्त्यावर ठेवणे, हीच युक्ती.

दिलेला राजीनामा परत घेता येतो का? पुढील तारखेपासून लागू होणारा राजीनामा त्या तारखेपूर्वी मागे घेता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मान्य केले. ते प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींच्याच राजीनाम्याचे होते. करार किंवा सेवानियम वेगळे काही सांगत असतील, तर मात्र ते पाहावे लागतात. रागाच्या भरात 'तात्काळ प्रभावाने' हे दोन शब्द लिहिणारा माणूस परतीचा हा दरवाजा स्वतःच लावून घेतो.

सरकारी आणि निमसरकारी सेवेत सर्वांत महाग चूक एका शब्दाची होते. 'राजीनामा' आणि 'स्वेच्छानिवृत्ती' हे समानार्थी शब्द नव्हेत. राजीनाम्याने सामान्यतः पूर्वीची सेवा पेन्शनसाठी बाद होते. स्वेच्छानिवृत्तीत, वीस वर्षांची अर्हताकारी सेवा आणि तीन महिन्यांची नोटीस असल्यास, ती टिकते. दिल्लीतील वीज कंपनीच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केले, की वीस वर्षे भरली असली तरी राजीनाम्याला स्वेच्छानिवृत्ती मानता येत नाही. आजारपणामुळे किंवा मुलांकडे परगावी जायचे म्हणून घाईने 'राजीनामा देत आहे' असे लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याची आयुष्यभराची पेन्शन त्या एका ओळीत जाऊ शकते. आस्थापना शाखेतील जाणत्या लिपिकाला विचारल्याशिवाय हे पत्र लिहूच नये.

खासगी नोकरीत नेमणूकपत्र हाच मुख्य आधार. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत अनेक ठिकाणी तीन महिन्यांची मुदत असते. लवकर सुटायचे तर तेवढ्या दिवसांचा पगार भरण्याची सोय आहे का, ते त्यातच पाहायचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतील वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या कामगाराचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करायचे आहे. पूर्वी 'फुल अँड फायनल'साठी महिना-दीड महिना हेलपाटे घालणे नेहमीचेच असे. ग्रॅच्युइटी मात्र वेगळी. सलग पाच वर्षांची सेवा झालेल्याला दरवर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, महिन्याचे सव्वीस दिवस धरून, अशी ती मोजतात. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आणि सेवा दहा वर्षांची असेल, तर रक्कम १,५०,००० रुपये होते. पाच वर्षांना दोन महिने उरले असताना तडकाफडकी निघणाऱ्याने हा गुणाकार एकदा करावा. मुदतीच्या कंत्राटावरील कर्मचाऱ्यांना नव्या संहितेने एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे.

चार्ज देणे

नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनशी युद्ध चालू असताना यशवंतराव चव्हाणांना दिल्लीहून बोलावणे आले. जन्म सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्र्याचा, घर कराडचे. महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद मारोतराव कन्नमवारांकडे गेले आणि चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हे सारे काही दिवसांत. राज्याचा कारभार इतक्या थोड्या अवधीत दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो, तर स्टोअरच्या किल्ल्या आणि दोन संगणकांचे पासवर्ड सांगायला तीन महिने पुरत नाहीत, ही सबब टिकणारी नाही.

चार्ज देताना अपुरी कामे लिहून काढावीत: कोणती निविदा कोठे अडली, कोणाचे बिल का थांबवले, कोणत्या ग्राहकाला काय तोंडी कबूल केले आहे. हा शेवटचा तपशील कोणत्याच फायलीत नसतो आणि सर्वाधिक गोंधळ त्याचाच होतो. यादीवर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही हवी. तीच जुनी कबुलायत. सहा महिन्यांनी एखादी वस्तू सापडेनाशी झाली, तर सोडून गेलेल्यावर ठपका येत नाही. नोटिशीच्या काळात कामावर उशिरा येणे, उरलेल्या रजा सलग टाकणे, 'आता माझे काय' असे जेवणाच्या सुटीत म्हणत बसणे, हे सहकारी विसरत नाहीत. पाच वर्षांचे चांगले काम शेवटच्या तीन आठवड्यांत पुसले गेल्याची उदाहरणे प्रत्येक कार्यालयात सांगितली जातात.

निरोप समारंभात नारळ, शाल आणि भाषण ठरलेले. भाषणात टोमणे मारण्याचा मोह मोठा असतो, आणि टाळ्याही मिळतात. टाळ्या वाजविणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी त्याच साहेबांच्या हाताखाली काम करायचे असते.

कार्यमुक्तीचे पत्र आणि अनुभव प्रमाणपत्र हाती घेताना पदनाम, रुजू झाल्याची व सुटल्याची तारीख आणि नावाचे स्पेलिंग तेथेच तपासावे. भविष्यनिर्वाह निधी काढून घेण्यापेक्षा जुन्या यूएएन क्रमांकावर नव्या ठिकाणी वर्ग करणे हिताचे, कारण त्या योजनेच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि रक्कम काढली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. जुन्या मालकाने सुटल्याची तारीख नोंदवली नाही म्हणून खाते अडकणे, ही पूर्वीची नेहमीची तक्रार. जानेवारी २०२० पासून नोकरी सोडल्यावर दोन महिन्यांनी सदस्याला ती तारीख स्वतःच संकेतस्थळावर भरता येते. त्या दोन महिन्यांत जुन्या कार्यालयातून 'ती हिरवी फाइल कोठे ठेवलीत?' असे विचारणारे दोन-चार फोन येतातच. ते उचलावेत.